अदलाबदलीचे सर

आमच्या सरांना "चहा घेणार का" असं विचारलं की ते उलट विचारायचे, "कुठे?"

आता चहा म्हटल्यावर माणूस हो म्हणतो नाहीतर नको म्हणतो. कुठे, हा काय प्रश्न झाला? पण सरांचं तसंच होतं. पार्किंगमध्ये कप नेऊन दिला तर हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "वहिनी, चहा आत बसून प्यायचा. उभ्याने पितात ते औषध." मग मी तो कप परत वर न्यायचा, सरांनी माझ्यामागून दोन मजले धापा टाकत चढायचे, सोफ्यावर टेकायचं आणि तोपर्यंत निवलेला चहा "वा, काय चहा आहे" म्हणत प्यायचा. लिफ्ट होती हो आमच्याकडे. पण लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत म्हणून सर लिफ्टने जायचे नाहीत.

आत शिरण्याआधी दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची, ही त्यांची सवय. त्यांच्या स्वतःच्या घरी चौकटीवर एक बोटाएवढी नळी ठोकलेली होती, तिच्यात त्यांच्या धर्मातली प्रार्थना लिहिलेली गुंडाळी. ती नळी सरांच्या घरी. आमच्या चौकटीवर होतं ते स्वस्तिक आणि मागच्या दिवाळीच्या तोरणाचा खिळा. तरी बोटं जायचीच, सत्तर वर्षांची सवय ती. आमच्या समोरच्या बाईंना वाटायचं, हे मास्तर धूळ तपासतात. त्या बिचाऱ्या दर शनिवारी संध्याकाळी चौकट पुसून ठेवायच्या, उद्या सर येतील म्हणून. मी त्यांना खरं कारण दोन वर्षं सांगितलं नाही. मजल्यावर तेवढीच स्वच्छता.

सर म्हणजे चित्रकलेचे सर. पनवेलच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. वाडवडील गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मला सरांनीच सांगितलं. मराठी आपल्यासारखी, किंबहुना आपल्यापेक्षा बरी. भाऊ-बहिणी, पुढे लेकही, सगळे कधीच परदेशी गेले. सर राहिले. का राहिलात विचारलं की म्हणायचे, "मला तिथलं ऊन काढता येणार नाही, फार पांढरं आहे."

शुक्रवारी सूर्य मावळला की फोन बंद, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. एकदा शनिवारी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना सतरा फोन केले. सेक्रेटरी म्हणजे मोठ्या कंपनीतला साहेब माणूस, फोन न उचलणारा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. रविवारी सर आले तेव्हा म्हणाले, "सर, इमर्जन्सी आली असती तर?" सर म्हणाले, "आली होती का?" "नाही, पण आली असती तर?" "मग आज आली असती. ती थांबते."

सर आमच्याकडे आले कसे, तेही सांगते. मी काही लेखिका नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांनी केलं. त्यामुळे माझं पुढचं मागे नि मागचं पुढे होतं, सांभाळून घ्या.

कामोठ्याला आम्ही राहायला आलो ते यजमान निवृत्त झाल्यावर. एका सकाळी खाली उतरले तर पार्किंगमध्ये एक म्हातारे गृहस्थ घडीचं स्टूल मांडून आमचा मीटरबॉक्स काढत बसलेले. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. वॉचमन रजिस्टर घेऊन त्यांच्या डोक्यावर उभा. "कोणाकडे आलात, सांगा." सर म्हणाले, "मीटरबॉक्सकडे." वॉचमनने खरंच तसं लिहिलं, मी वाचलंय. 'कोणाकडे' च्या खाली 'मीटरबॉक्स', आणि 'येण्याचं कारण' च्या खाली 'चांगला आहे'.

तोवर सात-आठ पोरं जमली होती. पुढच्या रविवारी पंधरा झाली. तिसऱ्या रविवारी शेजारच्या गावातली चार पोरं आली, त्यात सायली होती. गाव आमच्या वसाहतीला चिकटूनच आहे. खरं म्हणजे गाव आधीचं, आम्ही नंतर येऊन चिकटलो. मधे मैदानाची भिंत. सायली तेव्हा अकरावीला, आगरी घरातली, बारीक अंगाची, बोलायची कमी आणि बघायची जास्त.

सरांच्या वर्गाचे नियम ऐकले तर तुम्ही म्हणाल, हा कसला मास्तर. खोडरबर आणायचा नाही. रेघ चुकली तर कागद शेजारच्याला द्यायचा, त्याने त्या चुकलेल्या रेघेचं काहीतरी करायचं. एका पोराने हत्ती काढायला घेतला, सोंड भलतीकडे गेली, शेजारच्या पोरीने तिचा नळ केला आणि खाली बादली ठेवली. हत्ती राहिला बाजूला, पण दोघं पुढे वर्षभर शेजारीशेजारी बसायची. दुसरा नियम सरांचा स्वतःसाठी होता. चित्र पुरं होईपर्यंत ते बघायचे नाहीत. पोरांकडे पाठ करून बसायचे आणि रस्त्याकडे बघत गोष्टी सांगायचे. मी म्हटलं, "सर, शिकवता कधी?" म्हणाले, "मी बघायला लागलो की ती मला आवडेल असं काढतात. मला काय आवडतं ते मला माहीत आहे, वहिनी. त्यासाठी पनवेलहून बस कशाला पकडू?"

आणि शांतता हा शब्द त्यांना चालायचा नाही. सेक्रेटरींनी एकदा हौसेने फलक करून आणला, 'कलेतून शांतता'. सर म्हणाले, "शांतता म्हणजे मास्तर वर्गात आले की होते ती. मास्तर गेले की पोरं पुन्हा एकमेकांना पट्टीने मारतात. मला ती नको. मला दंगा हवा, पण एकत्र केलेला." फलक पुढे पावसाळ्यात मीटरबॉक्सवर बांधला, गळत होतं म्हणून.

सरांची खरी फजिती झाली ती सायलीच्या आजीकडे. सायलीने एक दिवस सरांना घरी जेवायला बोलावलं. मी सोबत गेले, कारण सरांना कोणाच्याही घरी जायचं म्हटलं की ते मला धरून न्यायचे. आजींनी पान वाढलं. तांदळाची भाकरी, आणि वाटीत कोलंबीचं लालभडक कालवण. सर भाकरी खात राहिले. वाटीकडे बघेनात. सरांच्या धर्मात खवल्यांचा मासा चालतो, कोलंबी-चिंबोरी चालत नाही. पण हे त्या माउलीला कसं ठाऊक असणार? आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मास्तर, आमचे हातचं चालत नाय का तुमाला?"

सर एवढेसे झाले. म्हणाले, "आजी, हात चालतो. कोलंबी चालत नाही."

"कोलंबीनं काय केलं तुमचं?"

"तिला खवलं नाही."

आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बहुतेक हा माणूस खुळा असावा. मग सरांनी सगळं समजावलं, वाडवडील, घाणा, शनिवार, सगळं. आजी खाली बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे खवलं असलं की झालं?" "झालं." "जिताडा चालल?" आता जिताडा म्हणजे आमच्या पनवेल-उरण भागातला माशांचा राजा. सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानंतर खाडीत जिताडा मिळाला की आजी निरोप धाडायच्या, "त्या खवल्यावाल्या मास्तरांना सांगा." सरही उलट आपल्या घरी मलिदा झाला की डबा आणायचे. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, त्यांच्यात नवस फेडताना करतात. आजी तो खाऊन म्हणायच्या, "हे तर आमचे दिवाळीचे पोहे. उगाच वेगळे वेगळे म्हणतात."

हे सगळं गोडीगुलाबीचं चाललेलं असताना मैदानावर भांडण झालं.

कारण क्षुल्लक. आधी बॅटिंग कोणाची. आमची पोरं म्हणाली मैदान सोसायट्यांचं, गावातली म्हणाली आमच्या आजोबांचं इथे भाताचं शेत होतं. शब्दाने शब्द वाढला, दगड आला, आणि सेक्रेटरींच्या अथर्वच्या भुवईवर बसला. तीन टाके. दगड सायलीच्या मोठ्या भावाने, हर्षलने मारला असं आमच्या पोरांचं म्हणणं. हर्षल म्हणत होता, मी भिंतीवर मारला, तो उडाला. देव जाणे. सेक्रेटरींनी पोलिसात तक्रार दिली, नाव घालून.

आता हर्षलचं असं की त्याला उरणकडे बंदरात नोकरी लागत होती. परीक्षा झालेली, मुलाखत झालेली, फक्त पोलीस पडताळणी बाकी. पडताळणीला असली तक्रार निघाली की संपलं. घरात मिळवता माणूस वडील एकटे, तेही पाठीच्या दुखण्याने बसलेले. सायलीचं शिक्षणही मग त्या नोकरीवरच. आजी सरांना म्हणाल्या, "पोराचं चुकलं असल तं दोन थोबाडीत मारा. पन जन्माचं नका करू."

पोरांनी फोनवर एकमेकांविरुद्ध काय काय लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. वर्ग बंद पडला. गावातले आईबाप पोरांना पाठवेनात, आमचेही नाहीत. सर तरी दर रविवारी यायचे. दोन चटया अंथरायचे, एक इकडे, एक तिकडे, आणि त्या रिकाम्या चटयांकडे पाठ करून बसायचे. मी म्हटलं, "सर, आता कोणाकडे पाठ करताय? कोणीच नाही." म्हणाले, "सवय राहिली पाहिजे."

तिसऱ्या रविवारी ते सेक्रेटरींच्या घरी गेले. अर्थातच मला घेऊन. म्हणाले, "मैदानाची भिंत मला द्या." सेक्रेटरी म्हणाले, "रंगवायला? द्या की रंगवून, छान दिसेल." सर म्हणाले, "दोन्ही बाजूंनी. तुमची पोरं गावाकडची बाजू रंगवतील, गावातली पोरं तुमच्याकडची. त्याआधी चार रविवार अदलाबदल. तुमच्या पोराने त्यांच्या घरी जायचं, त्यांच्या पोराने तुमच्या घरी. काय दिलं, कुठे दिलं, कसं दिलं ते बघायचं आणि तेच भिंतीवर काढायचं. स्वतःच्या घरचं काही काढायचं नाही."

"आणि तक्रार?" मी मधेच विचारलं. मला राहवत नाही.

सेक्रेटरींनी अथर्वच्या खोलीकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हे तो. मुलाच्या शर्टावरचं रक्त पाहिलेला बाप होता. म्हणाले, "भिंत होऊ द्या. पोरं एकत्र आली, सगळं नीट झालं, तर मी मागे घेईन. शब्द देतो."

झालं. सर कामाला लागले. दोन्हीकडच्या आईबापांच्या पायऱ्या झिजवल्या. नऊ पोरं आमची, नऊ गावातली. कोणी कोणाकडे जायचं त्याच्या चिठ्ठ्या सरांच्या टोपीत. अथर्वच्या नावाची चिठ्ठी निघाली ती थेट सायली-हर्षलच्या घराची. सगळे गार. मला मात्र संशय आला. माझी नजर बारीक आहे, ती चिठ्ठी टोपीतून निघालीच नव्हती, सरांच्या दोन बोटांत आधीपासून होती. नंतर मी त्यांना गाठलं. "सर, ही लबाडी झाली." सर टोपी झटकत म्हणाले, "वहिनी, सगळाच भार देवावर टाकू नये."

"आणि सायलीची चिठ्ठी माझ्या घराची निघाली, ती पण तशीच?"

"तशीच. तुम्ही मोकळ्या मनाच्या. तुमच्याकडे ती रमेल."

मला किती बरं वाटलं सांगू. दोन दिवस मी यजमानांना ऐकवत होते, सर काय म्हणाले माहीत आहे का.

पहिल्या रविवारी सायली आली तेव्हा लादी नुकतीच पुसलेली, ओली. मी दारातच तिला पाणी दिलं, तांब्या-भांडं घेऊन, अभ्यास कसा चाललाय विचारलं, चांगली पाच मिनिटं बोलले. दुसऱ्या रविवारी माझ्या जाऊबाई आल्या होत्या, हॉलमध्ये पसारा. दारातच पाणी दिलं, वर चिवडाही दिला कागदात बांधून. तिसऱ्या वेळी माझी वाती वळायची घाई, चौथ्या वेळी काय होतं आता आठवतही नाही. पण चिक्की दिली, एवढं आठवतं. चांगली मोठी वडी. दर वेळी ती "येते आज्जी" म्हणायची आणि मी "ये हो बाळ, पुन्हा ये" म्हणायचे. मला मनापासून वाटत होतं की माझी अदलाबदल सगळ्यात झकास चाललीय.

मग भिंत. तीन आठवडे पोरं वाट्याला आलेली बाजू रंगवत होती. वरून ताडपत्री सोडलेली, आणि सर मैदानाच्या मधोमध स्टुलावर, पाठ करून. गावाच्या बाजूला जायला हमरस्त्याने वळसा घालून जावं लागतं, मधलं फाटक भांडणानंतर कुलूपबंद. त्यामुळे आम्ही कोणीच तिकडे फिरकलो नाही. इकडची बाजू एका रविवारी सकाळी उघडायची ठरली. सेक्रेटरींनी नारळ आणला. बायका नऊवारी नाही, पण बऱ्या साड्या नेसून आल्या. सायली आणि तिच्याबरोबरची आठ पोरं रंगाने माखलेल्या हातांनी एका रांगेत उभी, अशी खूश की बघत राहावं. हर्षलही लांब रस्त्याच्या कडेला मोटारसायकलला टेकून उभा होता, आत न येता.

ताडपत्री खाली आली.

भिंतीवर दारं होती. नऊ दारं, ओळीने. लाकडी दार, त्यापुढे लोखंडी जाळीचं दार, पाटी, बेल, पायपुसणं. कुठे जाळीतून अर्धा चेहरा. कुठे साखळी लावलेल्या फटीतून एक हात, हातात बिस्किटाचा पुडा. एका दारात नुसता भिंगातला डोळा. एका दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर ठेवलेली ताटली, आणि जिना रिकामा. सुंदर काढलं होतं हो. जाळीची नक्षी, चपलांचा स्टँड, काही म्हणजे काही चुकलेलं नाही.

आणि डावीकडून तिसऱ्या दारात मी. माझी हिरव्या काठांची साडी. चष्म्याची काडी जिथे मी दोऱ्याने बांधली आहे, तो दोरासुद्धा. एका हातात तांब्या, दुसरा हात चौकटीला. मी हसतेय. आणि माझ्या मागे, त्या हाताच्या वर, आमच्या हॉलची एवढीशी चिंचोळी पट्टी.

सर उठले, वळले, कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर केला. पहिल्या दारापासून नवव्या दारापर्यंत चालत गेले. मग स्टुलावर येऊन बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

सेक्रेटरींचा आवाज चढला. "हे काय आहे, सर? आमची बेइज्जती करायला दिली का भिंत? आम्ही यांना घरी बोलावलं आणि यांनी हे काढलं?"

सर म्हणाले, "मी सांगितलं होतं, जे दिलं आणि जिथे दिलं ते काढा." आणि मग हळूच, स्वतःशीच, "कोणी दारात उभं करेल, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"उद्या सकाळी पांढरा रंग मारून घेतो. आणि ते तक्रारीचं विसरा आता. तिकडे सांगून टाका."

रस्त्यावरचा हर्षल मोटारसायकलवर बसला, पण सुरू करेना. मी सायलीकडे पाहिलं. तिला काही समजतच नव्हतं. तिला वाटलं होतं फ्लॅटमधल्या लोकांची पाहुणचाराची पद्धत अशीच असते, दारात. जशी त्यांच्याकडे ओटीवर बसवायची असते, तशी इथे दारात उभ्याने. तिने मन लावून, नीट, माझा मान ठेवून काढलं होतं. ती माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "आज्जी, चष्मा जमला नाय का?"

मी आयुष्यात बऱ्याच लोकांची बोलणी खाल्ली आहेत. सासूची, ऑफिसातून चिडून आलेल्या नवऱ्याची, सुनेची. पण त्या पोरीच्या प्रश्नाने मला जे झालं ते कशाने झालं नव्हतं.

मी म्हटलं, "चष्मा अगदी बरोबर आहे, बाळ." मग सेक्रेटरींकडे गेले. "साहेब, ते तिसरं दार माझं आहे. त्यात उभी आहे ती मी. चार रविवार मी या पोरीला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिने एकही रेघ खोटी काढलेली नाही. पांढरा रंग मारायचा असेल तर मला विचारून मारा, आणि मी नाही म्हणतेय."

"काकू, तुम्ही भावनेच्या भरात..."

"आहेच मी भरात. तुमचं दार कितवं आहे, सांगू का? साखळीचं."

माझे यजमान लांबून खुणा करत होते, गप्प बस म्हणून. मी बघितलंच नाही. कोणीतरी मागे फिसकन हसलं. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला.

सर स्टुलावरून म्हणाले, "दुसरी बाजू अजून आपल्यापैकी कोणी पाहिली नाही. मीसुद्धा."

"मला नाही बघायची."

तेव्हा अथर्व बोलला. इतका वेळ तो खिशात हात घालून उभा होता, भुवईवरचा व्रण अजून गुलाबी. म्हणाला, "बाबा, तिकडे मी काढलंय."

आता मुलाने काढलंय म्हटल्यावर कुठला बाप नाही म्हणेल? निघाली सगळी वरात. हमरस्त्याने वळसा, ऊन हे एवढं, पुढे सर स्टूल काखेत मारून, मागे बऱ्या साड्या. सहा वर्षं तिथे राहून सेक्रेटरी गावात पहिल्यांदाच पाय ठेवत होते, आणि खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मेअधिक.

भिंतीच्या त्या बाजूला आजी सावलीला सुकट निवडत बसल्या होत्या. तिकडची ताडपत्री आधीच उतरवलेली, त्यांच्या मागे भिंतभर आमच्या पोरांनी काढलेलं गाव. चुलीवर फुगलेली भाकरी. दोरीवर वाळणारे बोंबील. ओटीवर झोपलेलं कुत्रं, आणि त्याच्या पोटावर डोकं टेकून झोपलेला आमच्या ए विंगमधला एक मुलगा. एकूण एक चित्र घराच्या आतलं. सांगितल्याशिवाय पोरांना कळतं, कुठपर्यंत आत घेतलं ते.

अथर्वचं चित्र कोपऱ्यात होतं. काही फार मोठं नव्हतं. एक ताट. ताटात मासा. आणि दोन हात, सावळे, मनगटावर काळा दोरा, माशातले काटे वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवणारे. सोललेला पांढरा मासा ताटाच्या दुसऱ्या बाजूला, तिथे तिसरा हात वाट बघत थांबलेला. गोरा, घड्याळ घातलेला.

सेक्रेटरी चित्राजवळ वाकले. मग म्हणाले, "हे हात कोणाचे?"

आजींनी सुकटीतून मान वर केली. "आमच्या हर्षलचे. तुमच्या पोराला काटं काढता येत नाय. पयल्या दिशी घशात अडकला, डोळं पांढरं केलं त्यानं. मंग चारी रविवार ह्यानंच काढून दिलं."

"अथर्व, तू बोलला नाहीस कधी."

"तुम्ही टाक्यांचंच विचारत होतात, बाबा."

हर्षल आमच्या मागून मोटारसायकल ढकलत आला होता, चालू न करता. सेक्रेटरी त्याच्याकडे वळले. मला वाटलं आता मिठी वगैरे मारतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, आणि म्हणाले, "उद्या अकराला पोलीस स्टेशनवर ये. आधार कार्ड घेऊन ये, ते लोक मागतात."

"येतो," हर्षल म्हणाला. आणि वर, "दगड मीच मारला व्हता, काका. उडाला वगैरे नाय."

"माहीत आहे मला," सेक्रेटरी म्हणाले. "अकरा म्हणजे अकरा."

सरांनी तिथेच स्टूल उघडलं आणि बसले. आजींनी विचारलं, "मास्तर, चहा?" सर काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "आत. मला म्हाईत हाय."

तक्रार मागे घेतली गेली. हर्षल उरणच्या बसने कामावर जातो. सायली कला महाविद्यालयात आहे, मुंबईला. मैदानात अजून भांडणं होतात, अगदी आठवड्याला एक. पण ती बॅटिंगवरून होतात आणि बॅटिंगवरच संपतात. नऊ घरांपैकी चार घरांनी पोरांना पुन्हा बोलावलं, आत. पाच घरांनी नाही. खोटं कशाला सांगू? सर आता परदेशी लेकीकडे असतात, गुडघ्यांनी दगा दिला. फोन करतात, शनिवार सोडून. मी विचारते, "तिथलं ऊन जमलं का काढायला?" म्हणतात, "नाही. पण शेजारी अरब कुटुंब आहे, त्यांची नात माझ्या चुकलेल्या उन्हाचं काहीतरी करते."

त्या भिंतीनंतरच्या मंगळवारी मी सायलीला घरी बोलावलं. लादी ओलीच होती, मुद्दाम तशीच ठेवली. तिला सोफ्यावर बसवलं, पोहे केले, कपाट उघडून माझी पुस्तकं दाखवली. पोरगी संध्याकाळपर्यंत बसली. निघताना मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "सायली, आता तरी भिंतीवरचं माझं दार उघडं काढ. मला आत बसलेली काढ, तुझ्यासोबत. रंग मी आणून देते."

तिने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "आज्जी, तुमी आत घेतलं ते आज. चित्र त्याच्या आधीचं हाय."

मी सरांकडे तक्रार केली. मला वाटलं, ते तिला समजावतील. ते माझ्यावरच उखडले. "बरोबर बोलली. आजचं हवं असेल तर तिला दुसरी भिंत द्या. त्या भिंतीला हात लावायचा नाही."

त्यामुळे ते आहे तिथेच आहे. दर सकाळी मी दूध आणायला मैदानावरून जाते. डावीकडून तिसरं दार. काठांचा हिरवा रंग उन्हाने थोडा उडालाय, पण बाई ओळखू येते. छान हसतेय. हातात तांब्या आहे, दुसरा हात चौकटीला आहे, आणि आत जायला वाट ठेवलेली नाही.